सेट या शब्दाने जीव काढलाय, काही लॉजिक आहे का याला?

पाटीपेन्सिल

मंडळी जरा मदत करा. मी घरी बसून भाषांतराची कामं करते, कथा-कविता नाही हो, मशीनची माहितीपुस्तकं, इंग्रजीतून मराठीत. आत्ता एका पॅकिंग मशीनचं पुस्तक आलंय, ते आधी कोणीतरी अर्धवट करून सोडलेलं, मला सांगितलं की फक्त नजर फिरवा आणि द्या. नजर फिरवली तर डोळेच फिरले. ज्याने कोणी केलंय त्याने (माणूस होता की सॉफ्टवेअर, देव जाणे) सेट म्हणजे संच हे एकदा ठरवलं आणि मग पुस्तकभर तेच. "चिकटद्रव्य संच होईपर्यंत मशीन हलवू नये." "झाकण काढून बाजूला संच करा." "गंज संच आत आल्यास तंत्रज्ञाला बोलवावे." आणि कळस म्हणजे "धुरामुळे गजर संच बंद होऊ शकतो". मूळ वाक्य काय होतं तर धुराने अलार्म सेट ऑफ होऊ शकतो, म्हणजे वाजायला लागू शकतो! ऑफ दिसला म्हणून बंद. नेमकं उलटं झालं की हो.

मग मी इंग्रजी फाइलमध्ये हा शब्द शोधून बघितला तर शंभराच्या वर वेळा आलाय. एकाच पानावर बघा, पान्यांचा सेट, मशीन सपाट जागेवर सेट करा, टायमर सेट करा, सेट टेम्परेचरला पोचलं की, कव्हर सेट असाइड करा, गंज सेट इन झाला तर, गोंद सेट झाला की, आणि सेट स्क्रू नावाचं एक प्रकरण आहे ते मला अजून कळलेलंच नाहीये. डिक्शनरी उघडली तर खाली सरकवतेय सरकवतेय, संपेचना.

प्रश्न असा की याला काही मूळ अर्थ आहे का, एखादा धागा, जो धरून बाकीचे ओढून काढता येतील? का पाढ्यांसारखं पाठच करायचं?

---

निवांत

सोपंय. सेट म्हणजे सेट. टायमर सेट करा, मशीन सेट करा, गोंद सेट झाला की. सगळे असंच बोलतात आणि मशीनवरच्या माणसाला हेच कळतं. तुम्ही "कालमापक स्थापित करा" लिहिलंत तर तो पुस्तक मिटून ठेवेल आणि अंदाजाने बटणं दाबेल. त्यापेक्षा सेट लिहा आणि तुम्ही पण सेट व्हा :)

---

बाराखडी

निवांत यांचं अर्धं बरोबर आहे, पण धागा विचारलाय तर धागा आहे आणि चांगला जाडजूड आहे.

आधी दिलासा देतो. यात तुमची काही चूक नाही, कोशवाल्यांचाही या शब्दाने जीव काढलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ ची, तिच्यात सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ आणि नोंदीची लांबी साधारण ६०,००० शब्द, म्हणजे एक आटोपशीर कादंबरीच झाली. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर रन या क्रियापदाने त्याला मागे टाकलं, ६४५ अर्थ, २०११ मध्ये त्याच्या बातम्या पण आल्या होत्या. ती एक नोंद लावायला पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला नऊ महिने लागले. एका शब्दाला नऊ महिने, आणि तुम्हाला म्हणे फक्त नजर फिरवा.

आता धागा. सेट हे सिट या क्रियापदाचं प्रयोजक रूप आहे. आठवतंय ना शाळेतलं, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, बसणे-बसवणे. जुन्या इंग्रजीत अशा बऱ्याच जोड्या होत्या, आता थोड्याच उरल्यात. फॉल म्हणजे पडणे आणि झाड पाडायचं असेल तर फेल. लाय म्हणजे आडवं होणे, ले म्हणजे आडवं ठेवणे (यात इंग्रज स्वतःच रोज चुकतात). तशीच सिट आणि सेट. सिट बसणे, सेट बसवणे. एवढंच.

आता हे घेऊन तुमच्या पानावर चला. मशीन सपाट जागेवर बसवा. झालं. टायमर सेट करा म्हणजे काटा त्या आकड्यावर नेऊन बसवा, पूर्वी खरंच काटाच फिरवायचे. सेट टेम्परेचर म्हणजे आधी बसवून दिलेलं, नेमलेलं तापमान. गोंद सेट झाला म्हणजे जागच्या जागी घट्ट बसला. मोडलेलं हाड बसवणे याला इंग्रजीत हाड सेट करणेच म्हणतात, अक्षरशः आपलाच वाक्प्रचार. हिरा कोंदणात बसवणे, तेही सेट. सूर्य सेट होतो, आपण बुडाला म्हणतो मावळला म्हणतो, त्यांचा खाली बसतो. आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते ना, तिला इंग्रजीत सेटिंग हेन म्हणतात, तिथे तर सिट आणि सेट यांची सरमिसळच झालीय.

बरं हा धातू काही परका नाही. संस्कृतमधला सद् म्हणजे बसणे, त्याचं प्रयोजक सादयति म्हणजे बसवतो, आणि इंग्रजी सेटची घडण हुबेहूब तीच आहे. संसद, परिषद, उपनिषद या सगळ्यांत तोच सद् बसलाय. लॅटिनच्या वाटेने गेला तो सेशन झाला, तळाशी बसणारा गाळ म्हणजे सेडिमेंट, सगळ्यांच्या पुढे बसणारा तो प्रेसिडेंट. पाखराचं नीड आणि इंग्रजी नेस्ट हेसुद्धा मुळात एकच, खाली बसायची जागा.

फक्त एक खड्डा आहे आणि तुमच्या आधीचा माणूस नेमका त्यातच पडलाय. पान्यांचा सेट हा तो सेट नव्हेच. संच या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून आलाय, लॅटिन सेक्टा, म्हणजे कोणाच्या तरी मागोमाग जाणारे लोक, अनुयायी. सेक्ट म्हणजे पंथ, तो शब्द याचाच भाऊ. दोन वेगळ्या घरचे दोघं, नाव एकच, मग पुढे एकाच घरात राहून राहून एकमेकांत मिसळले. तुमच्या माणसाने पंथवाल्याचा अर्थ उचलला आणि बसवणाऱ्याच्या गळ्यात घातला.

---

आडवाफाटा

बाराखडी, वाचायला मजा आली पण व्युत्पत्तीवर भाषांतर करायला गेलं की माणूस बुडतो. सेट फायर मध्ये काय बसवलं? सेट फ्री मध्ये तर बसलेल्याला उठवून सोडून दिलंय. सेट सेल? सेट द डॉग ऑन समबडी, म्हणजे कुत्रा त्याच्या अंगावर बसवला का? पाटीपेन्सिल ताईंनी उद्या "बसवणे" हा मंत्र धरला तर त्या संचवाल्यासारखंच होईल, फक्त शब्द बदलेल.

मी उलटा अनुभव सांगतो. आमच्या ऑफिसात एक अमराठी सहकारी होता, मराठी शिकायची फार हौस. भूक लागली, तहान लागली, थंडी लागली, एवढं ऐकून त्याने वहीत लिहिलं की लागणे म्हणजे वाटणे, आतून जाणवणे. छान चाललं होतं. मग एक दिवस कोणीतरी म्हणालं निकाल लागला. मग नंबर लागला. दिवा लागला, डोळा लागला, ठेच लागली, वेळ लागला, लग्न लागलं, वाट लागली. तो बिचारा एकेक वहीत लिहितोय. आणि मग "बस लागली". त्याला मी सांगितलं की याचे दोन अर्थ आहेत, एक म्हणजे बस फलाटाला येऊन उभी राहिली आणि दुसरा म्हणजे तिच्यात बसल्यावर मळमळायला लागलं. आणि मी बोलता बोलता "मळमळायला लागलं" म्हणालो, त्यात पण लागणे! त्याने वही मिटली.

त्याने पण हेच विचारलेलं, मूळ अर्थ काय. मी म्हटलं चिकटणे, टेकणे, संस्कृत लग् धातू. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी "मला चूक लागली" असं म्हणाला. मूळ अर्थाने त्याचं काहीएक भलं झालं नाही. भलं कधी झालं, जेव्हा त्याने वहीत क्रियापदाचं पान फाडून नामांची पानं केली. निकाल लागतो. चूक होते. पाऊस पडतो. ऊन पडतं पण थंडी पडते आणि लागते पण. जोडीने पाठ.

सेटचं पण असंच करा. सेट समोर आला की सेटकडे बघूच नका, शेजारी कोण बसलंय ते बघा आणि त्याला मराठीत कुठलं क्रियापद लागतं ते आठवा. गजर आपण लावतो. आग लावतो, सापळा लावतो, घड्याळ लावतो, गाण्याला चाल लावतो, इंग्रजीत या सगळ्याला सेट. पण परीक्षेचा पेपर काढतो. तारीख ठरवतो, टेबल मांडतो, पायंडा पाडतो, विक्रम करतो, उदाहरण घालून देतो, कैद्याला सोडतो, शिडं उभारतो, कुत्रा अंगावर सोडतो. हे सगळं सेट. सेटची सख्खी बहीण बसवणे असेलही, पण मराठीत येऊन त्याचा जास्त संसार लावणेबरोबरच झालाय असं माझं मत.

---

बाराखडी

आडवाफाटा, कुत्रा मान्य, तिथे माझा मंत्र चालत नाही. सेट फ्री मात्र चालतं थोडं ताणून, एखाद्याला एखाद्या अवस्थेत नेऊन बसवणे, ती अवस्था मोकळेपणाची. सेट फायर पण आगीच्या अवस्थेत नेणे.

(लिहिल्यावर वाचलं, फारच ताणलंय. असो. पण ताई, मूळ माहीत असलं की निदान "संच" सुचत नाही, एवढा तरी फायदा आहे.)

---

वाळूखडी

सिव्हिलवाला आहे, वरचं वाचून अंगावर काटा आला म्हणून लॉगिन केलं. "गोंद बसला" ठीक आहे पण सिमेंटच्या बाबतीत चुकूनही सेट म्हणजे बसणे लिहू नका. स्लॅब बसला म्हणजे काय होतं माहितीये ना? स्लॅब बसला की इंजिनियर पण बसतो, घरी. पाया बसला, जमीन बसली हे सगळं वाईट बातमीत येतं. (इंग्रजीत त्याला सेटलमेंट म्हणतात, तो पण याच खानदानातला दिसतोय.)

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सेट म्हणजे वाळणे नव्हे. लोक नेहमी असंच लिहितात आणि हे पूर्ण चूक आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्याने घट्ट होतं, हायड्रेशन. म्हणून तर पाण्याखाली ओतलेलं काँक्रीटसुद्धा सेट होतं, आणि म्हणूनच सेट झाल्यावर आपण त्याच्यावर पाणी मारतो, वाळू देत नाही. वाळणं हा त्याचा शत्रू आहे.

आणि सेट होणं आणि कडक होणं हेही दोन वेगळे टप्पे. लॅबमध्ये विकॅट नावाचं एक साधन असतं, सिमेंटच्या ओल्या गोळ्यात सुई सोडतात आणि ती किती आत जाते ते बघतात. सुरुवातीला लोण्यात जावी तशी खालपर्यंत जाते. मग एका क्षणी तळाच्या थोडं वरच अडते, तो इनिशियल सेट, त्याच्यानंतर माल हलवायचा नाही, हलवलात तर जी पकड धरायला लागलीय ती मोडते. मग शेवटी सुई टेकवली तर नुसता ठिपका उमटतो, फायनल सेट. भारतीय मानकात साध्या पोर्टलँड सिमेंटला पहिला टप्पा ३० मिनिटांच्या आत यायला नको आणि शेवटचा ६०० मिनिटांच्या पलीकडे जायला नको. पण तेव्हासुद्धा त्यात ताकद काही नसते हो, ती पुढे आठवडेच्या आठवडे वाढत राहते, आम्ही ठोकळे २८ दिवसांनी फोडून बघतो ते उगाच नाही.

तुमच्या पुस्तकात गोंद कुठला आहे ते बघा. दोन ट्यूब एकत्र करून लावायचा असेल तर तोही क्रियेने घट्ट होतो, वाळून नाही. तिथे "वाळेपर्यंत थांबा" लिहिलंत आणि एखाद्याने पंखा लावून ठेवला तर काही उपयोग नाही.

---

पाटीपेन्सिल

स्लॅब बसला वाचून इतकी हसले की घरातले विचारायला आले. आणि वाळूखडी तुमचे खास आभार, कारण मी खरंच "गोंद वाळेपर्यंत" लिहून पुढे गेले होते! आत्ता परत जाऊन बघितलं तर दोन ट्यूबवालाच आहे, समान भाग मिसळा असं लिहिलंय. आता "गोंद पूर्ण घट्ट होईपर्यंत मशीन हलवू नका" केलं.

आडवाफाटांची शेजारी कोण बसलंय ते बघायची युक्ती पण लागू पडली (लागू!). गंजाला मराठीत काय लागतं, तर गंज चढतो, गंज धरतो. "गंज धरू लागल्यास." सरळ आहे. झाकण बाजूला ठेवा. एवढ्यात पाच पानं संपवली.

आता नवीन अडचण. एका ठिकाणी आहे की ऑपरेटर सेट द गाइड, आता हा ऑपरेटरने गाइड बसवला की ऑपरेटर बसवतो? आणि त्याच परिच्छेदात सेट ऑफ आणि ऑफसेट दोन्ही आलेत. हे काय आता.

---

बिनचूक

ऑपरेटर एकटा असेल आणि सेटला शेवटी स नसेल तर भूतकाळ, कारण वर्तमानात सेट्स झालं असतं. ऑपरेटर अनेक असतील तर वाक्यावरून कळत नाही, आजूबाजूला बघावं लागतं. सेट सेट सेट, तिन्ही रूपं एकच. पुट, कट, हिट, शट, लेट, हर्ट, कॉस्ट ही सगळी त्याच टोळीतली, आणि बघा सगळ्यांच्या शेवटी ट आहे. जुन्या इंग्रजीत सेटच्या भूतकाळाला शेवटी एक स्वराची शेपटी असायची, ती बोलता बोलता झिजली. ट च्या पुढे परत ट चा भूतकाळ लावायचा कोणाला कंटाळा येणार नाही.

ऑफसेटचं असं आहे की शेपूट पुढे आणून डोक्याला लावली की इंग्रजीत माणूसच बदलतो. सेट ऑफ म्हणजे निघणे, किंवा वाजवणे, किंवा स्फोट करणे, किंवा एखाद्या रंगाला उठाव देणे. ऑफसेट म्हणजे भरून काढणे, किंवा मशीनच्या भाषेत मधल्या रेषेपासून किती बाजूला सरकवलंय ते अंतर. तुमच्या पुस्तकात हाच असणार. सेट आउट म्हणजे निघणे, आउटसेट म्हणजे आरंभ. सेट ऑन म्हणजे हल्ला करणे, आणि ऑनसेट आता सुरुवात झालाय पण मुळात तोही हल्लाच होता. त्यामुळे आजाराचा ऑनसेट म्हणतात तेव्हा मला तो अर्थ अजून जिवंत वाटतो.

सगळ्यात मजेदार अपसेट. मध्ययुगात अपसेट म्हणजे सेट अपच होतं, उभारणे, ताठ उभं करणे. मग फिरत फिरत नेमकं उलटं होऊन बसलं, पालथं करणे, आणि मग माणसाचं मन पालथं. जुना अर्थ एका ठिकाणी दगडासारखा राहिलाय, लिलावाच्या नोटिशीत अपसेट प्राइस असते ना, ती बोली जिथून सुरू करायची ती किमान किंमत. तिथे कोणी अपसेट झालेलं नसतं, निदान सुरुवातीला तरी.

---

उंबरठा

असेट मधला सेट पण यातलाच का?

---

बिनचूक

नाही. तो फ्रेंचमधून आलेला पुरेसा या अर्थाचा शब्द आहे, कर्ज फेडायला पुरेल एवढी मालमत्ता. मूळ शब्द एकवचनीच असेट्स होता, लोकांना शेवटचा स बघून अनेकवचन वाटलं, म्हणून त्यातून असेट काढला.

---

खिळेजुळारी

माझं अर्धं आयुष्य ज्या सेटिंगमध्ये गेलं त्याचं नावच कोणी घेतलं नाही. टाइपसेटिंग. मराठीत अक्षरजुळणी, आमच्या तोंडी खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवणे किंवा सरळ कंपोझ. बसवणे नाही, लावणे नाही, जुळवणे. आडवाफाटांच्या यादीत एक वाढवा.

डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतून खिळा उचलायचा, बघायचा पण नाही, खिळ्याच्या अंगाला एक खाच असते ती अंगठ्याला लागली की कळायचं सरळ आहे का उलटा. अक्षर आरशातल्यासारखं उलटं, ओळ डोक्यावर उभी, आणि तसंच वाचायची इतकी सवय की मला आजही समोरच्याच्या हातातला कागद माझ्या बाजूने वाचता येतो, लोकांना आवडत नाही ते. इंग्रजीवाल्यांचं बरं होतं, मोजकी अक्षरं. देवनागरीत मात्रा वेगळ्या, वेलांट्या वेगळ्या, जोडाक्षरांचे तुकडे वेगळे, घरंच घरं. दिवसभर जुळवलेलं छापून झालं की प्रत्येक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा. त्याला मात्र सेट म्हणत नसत, ते डिस्ट्रिब्यूशन.

आणि ज्या ऑफसेटने आमचे खिळे वितळवले तो ऑफसेट का म्हणाल तर प्लेटवरची शाई थेट कागदावर जात नाही, आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. एक पायरी बाजूला सरकून छपाई.

---

राखीवखेळाडू

व्हॉलीबॉलमधला सेटर पण घ्या, जो स्वतः मारत नाही, दुसऱ्याला मारायला बॉल नेमका उचलून देतो, कौतुक मात्र मारणाऱ्याचं. टेनिसचा सेट सहा गेमचा म्हणतात पण २०१० च्या विम्बल्डनला इस्नर आणि माहूच्या मॅचचा शेवटचा सेट ७०-६८ झाला होता, मॅच तीन दिवस चालली. असा सेट बसवायचा का लावायचा तुम्हीच ठरवा. बॅडमिंटनमध्ये आपण सगळे सेट म्हणतो, नियमात मात्र गेम आहे.

सेटर कुत्र्याचं पण बाराखडींच्या बाजूने घ्या, पक्ष्याचा वास आला की ते दबा धरून खाली बसतं म्हणून सेटर. म्हणजे कुत्रा बसवता येतो :)

---

बाराखडी

वाचलो. राखीवखेळाडू तुम्हाला साष्टांग.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, बरंच पुढे आले. संच आता फक्त पान्यांना ठेवलाय. ऑफसेट खरंच अंतरच निघालं, गाइड मधल्या रेषेपासून किती सरकवायचा ते. फक्त सेट स्क्रू अजून तसाच आहे. टाइटन द सेट स्क्रू. संचाचा स्क्रू? बसवलेला स्क्रू? आकृतीत एक बारीक ठिपका दाखवलाय बस.

---

निवांत

आता माझी पाळी. फिटर आहे, अशीच पुस्तकं वाचून पोट भरतो म्हणून पहिल्याच प्रतिसादात बोललो होतो, कोणी मनावर घेतलं नाही.

सेट स्क्रू म्हणजे आमचा ग्रब स्क्रू. त्याला डोकं नसतं, वरून पूर्ण आटे, टोकाला अ‍ॅलन कीचं सहा कोनी भोक. पुली किंवा गिअर शाफ्टवर चढवला की तो गोल फिरू नये, सरकू नये म्हणून बाजूच्या भोकातून हा आत जातो आणि शाफ्टला दाबून धरतो. म्हणजे पुलीला जागेवर बसवून ठेवणारा स्क्रू, बाराखडींचा मंत्र इथे बरोबर लागतो. तुम्ही "ग्रब स्क्रू" लिहा, कंसात काही नको, वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कळतं. पण एक वाक्य स्वतःहून घाला, काढताना खाली कापड अंथरा. एवढासा असतो, जमिनीवर पडला की मशीनखाली जातो आणि मग आम्ही बॅटरी घेऊन आडवे.

टायमरला मात्र सेटच ठेवा, प्लीज. बटणावर इंग्रजीत तेच छापलेलं असतं, माणूस ते अक्षर शोधतो. तुम्ही पुस्तकात "टायमर लावा" लिहिलंत की तो लावा नावाचं बटण शोधत बसणार.

---

पाटीपेन्सिल

बटणाचं डोक्यातच आलं नव्हतं! टायमर सेट करा, कायम. ग्रब स्क्रू केला, कापडाचं वाक्य पण घातलं, कंपनीला काय विचारायचं ते विचारू देत. गजराचं वाक्य आता "धुरामुळे गजर वाजू शकतो" असं आहे, सहा पानांवर होतं, सगळीकडे बदललं.

आत्ता रिसेट बटणाच्या पानावर आलेय. आधीच्याने तिथे "पुनर्संच कळ दाबा" लिहिलंय.

---

निवांत

ती कळ मला पण दाखवा एकदा.